गोठा काकांचा, माशी कुणाची?

वाचक लिहितात (थोडक्यात) : निवृत्तीनंतर आम्ही दोघं ठाण्याहून सिंधुदुर्गातल्या सासरच्या घरी राहायला आलो. पुढे फुलझाडं, मागे परड्यात भाजीचे वाफे, कोपऱ्यात कमळाचं छोटं तळं आणि ओल्या कचऱ्याचा खड्डा असं सगळं हौसेनं केलं. पण पाऊस जरा उघडला आणि ऊन पडलं की मोठ्या करड्या माश्या येतात आणि कपड्यावरूनसुद्धा कडकडून चावतात. परवा यांच्या मनगटाला चावली, दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात सुजला. यांना मधुमेह आहे. शेजारी चुलत सासऱ्यांचा म्हशींचा गोठा आहे. माश्या तिथल्या शेणात होतात असं यांचं ठाम मत, म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायला निघालेत. मुलगा म्हणतो, माणूस बोलावून औषधाचा धूर मारून घ्या. पण हे घर बंद होतं तेव्हा इथे दिवा लावणारे हेच काका. गणपतीला मुलगी आणि नातवंडं येणार आहेत. ही माशी किती धोकादायक? आणि काकांना सांगू तरी कसं?

उत्तर :

ताई, अर्ज आठवडाभर थांबवा. आधी माशी पकडा.

चेष्टा करत नाही. तुमच्या पत्रात माशीचा रंग, आकार, यायची वेळ, चावायची तऱ्हा हे सगळं आहे आणि ते तुम्ही नीट पाहिलेलं आहे. ती कुठून येते हे मात्र कुणी पाहिलेलं नाही. ते गृहीत धरलंय, कारण गोठा डोळ्यांसमोर आहे आणि त्याचा वास येतो. चावणारी माशी आणि शेण ही जोडी आपल्या डोक्यात इतकी पक्की असते की मधला पुरावा कुणी मागत नाही.

पकडणं अवघड नाही. ही माशी उडताना हाती लागत नाही, पण चावायला बसली की तिचं लक्ष दुसरीकडे नसतं. पंच्याचा एक फटका पुरतो. घरात शिरलीच, तर उजेडाच्या दिशेनं खिडकीच्या काचेवर जाऊन आपटत बसते, तेव्हा वरून काचेची बरणी ठेवायची आणि खालून पुठ्ठा सरकवायचा. बरणी तासभर फ्रीझरमध्ये ठेवली की माशी निवांत बघता येते. डोळ्यांचे रंग मात्र जिवंतपणीच पाहून घ्या, मेल्यावर ते फिके पडतात.

आता बघायचं काय? गावात 'गोमाशी' म्हटलं की दोनतीन निरनिराळ्या माश्या त्यात येतात, आणि तुमचा सगळा वाद त्या फरकावर अवलंबून आहे. पहिली खरोखर मोठी, दीड-दोन सेंटिमीटरची, जाडजूड. डोकं रुंद आणि त्याचा बहुतेक भाग डोळ्यांनीच व्यापलेला, डोळ्यांवर हिरवट झाक किंवा आडवे पट्टे. येताना मोठ्यानं गुणगुणते. तिची एक लहान बहीण असते, साधारण सेंटिमीटरभर, पंखांवर राखाडी ठिपक्यांची नक्षी, आणि ती आवाज न करता येते. चावल्यावरच कळतं. आणखी एक डोक्याभोवती घिरट्या घालते, तिच्या पंखांवर गडद पट्टा असतो आणि डोळे सोनेरी-हिरवे चमकतात. या तिघी एकाच कुळातल्या. शास्त्रीय नाव टॅबॅनिडी. जगभरात या कुळाच्या 4,000 हून जास्त जाती आहेत.

दुसरी माशी अगदीच वेगळी. दिसायला घरमाशीसारखी, तेवढीच, सहासात मिलिमीटरची. पण डोक्याखालून पुढे आलेली काळी, टोकदार सोंड दिसते. भिंतीवर बसताना तोंड वर करून बसते. माणसाला चावते ती बहुधा घोट्याला, पिंढरीला. हिचे नर आणि माद्या दोघंही रक्त पितात. ही गोठामाशी. ओला पेंढा, सांडलेली वैरण, मूत आणि शेण यांचा जो कुजका थर गव्हाणीखाली साठतो, त्यात ही वाढते.

तुमचं वर्णन वाचून माझा कौल पहिलीकडे आहे: मोठी, करडी, उन्हातली, कपड्यातून चावणारी. आणि तसं असेल, तर काकांच्या गोठ्यातल्या शेणाचा तिच्या जन्माशी संबंध नाही.

या कुळातल्या बऱ्याच माद्या पाण्याच्या, चिखलाच्या वर लोंबणाऱ्या पानांवर अंडी घालतात. एका पुंजक्यात शेकडो अंडी, सुरुवातीला पांढरट, मग काळपट होतात. अळ्या बाहेर पडल्या की खाली चिखलात उतरतात आणि तिथे गांडुळं, इतर किड्यांच्या अळ्या, वेळप्रसंगी एकमेकींनाही खाऊन कित्येक महिने काढतात. म्हणजे व्हाळाचा (ओढ्याचा) काठ, भाताच्या मळ्यातली दलदल, विहिरीच्या पंपाजवळची कायमची ओल, सांडपाण्याचा भरलेला शोषखड्डा. आणि ताई, कमळाच्या तळ्याचा मऊ, गवताळ काठ. गोठा तुमच्या बागेच्या कितीतरी आधीपासून आहे. नवीन आलंय ते तळं.

तळं बुजवा असं मी म्हणणार नाही. अवतीभवती भाताचे मळे आणि व्हाळ असताना तुमच्या तळ्यानं हिशेबात फारशी भर पडणार नाही. भाद्रपदात कोकण कोरडं करणं कुणाच्या हातात नाही. पण काठ दगडांनी बांधून उभा करून घ्या, म्हणजे चिखलाची पट्टी उरणार नाही. पाण्यावर ओणवलेलं गवत छाटा. पानांवर काळपट अंड्यांचा पुंजका दिसला तर पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. गळकी तोटी दुरुस्त करा. तळ्यात गप्पी मासे असतील तर ते डासांच्या अळ्या खातील, चिखलातल्या या अळ्यांपर्यंत ते पोचत नाहीत.

जाता जाता कचऱ्याच्या खड्ड्याबद्दल. तिथे लांबट, काळ्या, गांधीलमाशीसारख्या दिसणाऱ्या माश्या असतील तर त्यांना मारू नका. ती ब्लॅक सोल्जर फ्लाय. चावत नाही, डसत नाही, तिच्या अळ्या तुमचा ओला कचरा फडशा पाडल्यासारखा संपवतात. तिच्या दिसण्यामुळे बिचारीला फुकटचा मार बसतो. मात्र कापलेल्या गवताचा ओला ढीग कुजत पडला असेल, तर गोठामाशीला तो गोठ्याइतकाच चालतो. गवत पातळ पसरून वाळवा.

मुलाच्या धुराविषयी. त्याचं मन मी समजू शकते, लांब बसलेल्या मुलाला काहीतरी करून टाकावंसं वाटतं. पण चिखलातल्या अळीपर्यंत तो धूर पोचत नाही, आणि उडणारी माशी ताकदीची असते, लांबून येते. आज अंगणातल्या मारल्या तरी उद्या मळ्यातल्या येतील. मधल्या मध्ये मरतील त्या मधमाश्या आणि चतुर, आणि चतुर तर याच माश्या उडता उडता पकडून खातात. धुरातली पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना (पाण्यातल्या) फार विषारी असतात, म्हणजे तळ्यातले गप्पीही गेले. पैसे तेवढे खर्च होतील.

त्यापेक्षा या माशीला काय ओढतं ते बघा. मोठं, गडद, हलणारं काहीतरी, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, आणि काळ्या चकचकीत पृष्ठभागावरून परतणारा विशिष्ट प्रकारचा प्रकाश. म्हणून काळ्या गाडीच्या बॉनेटवर या जमतात, आणि म्हणून गडद निळा टी-शर्ट घालून दुपारी वाफे खुरपणं म्हणजे आमंत्रण. जपानमध्ये 2019 साली संशोधकांनी काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवून पाहिले, तर त्यांच्यावर बसणाऱ्या चावऱ्या माश्या जवळपास निम्म्यावर आल्या. या प्रयोगाला 2025 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. लोक हसले, पण प्रयोग चांगला होता. तुम्ही पट्टे रंगवायची गरज नाही. फिकट, सैल, जाडसर सुती कपडे आणि मानेवर ओढणी किंवा उपरणं एवढं करा.

याच ओढीचा उलटा उपयोग म्हणजे सापळा. फुटबॉलएवढा काळा चकचकीत चेंडू घ्या किंवा जुना चेंडू ऑइल पेंटनं काळा रंगवा. त्यावर ग्रीसचा थर द्या, शेतकरी पिवळ्या चिकट सापळ्यांना लावतात तसाच. तो उन्हात, जमिनीपासून चारेक फुटांवर, वाऱ्यानं हलेल असा टांगा. जागा तळ्याच्या आणि घराच्या मध्ये, पण ओटीपासून बऱ्यापैकी लांब, नाहीतर पाहुण्यांना माश्या घरपोच मिळतील. भोवती मोठ्या भोकांची जाळी बांधा. कोतवाल आणि वेडा राघू याच माश्या टिपायला येतात, त्यांचे पंख ग्रीसला लागायला नकोत. पावसानं धुतलं की पुन्हा ग्रीस लावायचं. माश्या संपणार नाहीत, कमी होतील.

वेळेचंही बघा. या माशीला ऊन आणि उकाडा लागतो. पहाटेच्या गारव्यात, भुरभुर पावसात, जोराच्या वाऱ्यात ती फारशी फिरत नाही. बागकाम सकाळी लवकर उरका. (संध्याकाळ म्हणाल तर तेव्हा डासांची पाळी असते. कोकणात बागकामाला बिनचावऱ्या वेळा फार नाहीत.) अंधाऱ्या बंदिस्त जागेत या सहसा शिरत नाहीत, त्यामुळे दुपारी माजघरात असाल तर निर्धास्त राहा. डासांची मलमं थोडीफार चालतात, पण डासांना जेवढी दूर ठेवतात तेवढी हिला नाही.

आता काका.

तुमचे यजमान रागावलेत हे मला स्वाभाविक वाटतं. हात कोपरापर्यंत सुजला, साखरेचा आजार आहे, गावात येऊन चूक तर केली नाही ना असंही मनात येत असेल. अशा वेळी समोर दिसणारा गोठा रागाला बरा पडतो. पण त्यांना एवढंच विचारा, की या माश्या सगळ्यात जास्त कुणाला चावत असतील? माशीच्या दृष्टीनं म्हैस म्हणजे मोठं, काळं, हलणारं अंग. ती शेपटी आपटते, पाय झाडते, चिखलात लोळते, ते उगाच नाही. चरणं कमी होतं, दूध घटतं. काका यात आरोपी कमी आणि नुकसान सोसणारे जास्त. शिवाय 2022 साली राज्यात गुरांमध्ये लंपी या त्वचारोगाची साथ आली, ती पसरवण्यात चावऱ्या माश्या आणि डासांचा हात होता, तेव्हापासून गुरंवाले माशीकडे अजिबात दुर्लक्ष करत नाहीत.

म्हणून तक्रारीनं सुरुवात करू नका, विचारपूस करा. "काका, म्हशींना या दिवसांत माशी फार लागते का हो? तुम्ही काय करता?" एवढं पुरे. ते तुम्हाला कडुनिंबाच्या धुरीपासून सुरुवात करून बरंच काही सांगतील. धुरीनं माशी तेवढ्यापुरती हटते, फक्त घरात दमेकरी असेल तर वारा कुठला ते बघायचं. यजमानांना बरोबर न्या आणि बरणीतली माशीही. काकांची नजर या बाबतीत आपल्यापेक्षा तयार असणार.

आणि समजा, बरणीत निघाली ती सोंडवाली लहान माशी? तर मग गोठ्याशी संबंध आहे आणि ते बोलायला हवं. तेही तोडगा घेऊन बोला. या माशीची अंड्यापासून माशीपर्यंतची वाढ उबदार हवेत दोनतीन आठवड्यांत होते. म्हणून गव्हाणीखालचा ओला थर दर आठवड्याला काढून उन्हात पातळ पसरला आणि गायरीवर (शेणखताच्या ढिगावर) प्लास्टिक झाकलं, की साखळी तुटते. काकांचं वय असेल, माणूस मिळत नसेल. त्या मजुरीत तुम्ही वाटा उचला, नाहीतर गायरीतलं खत तुमच्या वाफ्यांसाठी विकत घ्या, म्हणजे ढीग साचणारच नाही. ग्रामपंचायतीचा रस्ता बंद होत नाही, तो शेवटी असतोच. पण अर्जाला आवक क्रमांक पडला की भावकीत तो पुढच्या पिढीपर्यंत वाचला जातो, आणि ज्यांनी तुमच्या देवापुढे दिवा लावला त्यांच्या नावानं तो असावा का, याचं उत्तर तुमच्या पत्रातच तुम्ही दिलेलं आहे.

यजमानांच्या हाताबद्दल. डास सुई टोचतो, ही मोठी करडी माशी कात्री चालवते. तिचे जबडे पात्यांसारखे असतात, कातडी कापून वर आलेलं रक्त ती चाटते. म्हणून इतकं दुखतं आणि रक्ताचा थेंब दिसतो. चावते फक्त मादी, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. नर फुलातल्या मधावर जगतात. सूज येते ती तिच्या लाळेमुळे, शरीराची ती ॲलर्जीची प्रतिक्रिया असते. पहिल्या दिवसदीड दिवसात चढलेली, खाजणारी, भली मोठी सूज बहुतेक वेळा याच प्रकारची असते आणि काही दिवसांत उतरते.

चावल्याबरोबर साबणानं आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरायचा, हात उंच ठेवायचा, अंगठी-बांगडी-घड्याळ सूज चढायच्या आत काढायचं. खाजेला कॅलामाइन लोशन चालतं. चुना, तंबाखू, टूथपेस्ट लावू नका, कापलेल्या कातडीला ते आणखी भाजतं. हळदीचा लेपही इथे नको, कारण त्याखाली लाली वाढतेय की कमी होतेय हे दिसत नाही. आणि तेच बघायचं असतं: बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ ओढून वेळ लिहून ठेवा. दोन दिवसांनंतरही लाली रेघेबाहेर सरकत असेल, जागा गरम आणि ठणकती झाली, पू दिसला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढू लागली, तर जंतुसंसर्ग झालाय, त्याच दिवशी डॉक्टर. मधुमेह असल्यामुळे यजमानांनी दोन दिवसांचीही वाट बघू नये. शंका आली की दाखवावं, आणि पायाला चावली तर हमखास.

गोळ्यांबाबत एक सावधगिरी. खाजेवर घरात असलेली जुनी ॲलर्जीची गोळी बरेच जण सहज घेतात. एविलसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि वयस्क पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते. सेट्रिझिनसारखी नंतरची औषधं त्या मानानं बरी, पण मूत्रपिंडाची तक्रार असेल तर मात्रा डॉक्टरच ठरवतील. 'सूज लगेच उतरेल' म्हणून कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन देऊ लागलं, तर मधुमेह आहे हे आधी सांगा, त्यानं साखर झपाट्यानं चढते.

रोगाची भीती बाळगू नका, पण माहिती असावी. या माश्या गुरांमध्ये सर्रा नावाचा रोग पसरवतात. माणसांना तो होत नाही असंच मानलं जायचं, कारण आपल्या रक्तातलं एक प्रथिन त्या परजीवीला मारून टाकतं. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला तो झाला आणि जगभर त्याची नोंद झाली. तपासात निघालं की त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. उपचारांनी तो बरा झाला. म्हणजे तुमच्या काळजीच्या यादीत हा रोग अगदी तळाला ठेवा. काकांच्या एखाद्या म्हशीला मात्र अधूनमधून ताप येत असेल, ती खंगत असेल, तर पशुवैद्यांकडे सर्राचं नाव जरूर काढा.

राहिली नातवंडं. मुलीला आधीच कळवा की फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोप्या आणायच्या, काळे-गडद निळे फ्रॉक घरातल्या आरतीला. भर दुपारी मुलांना व्हाळावर डुंबायला नेऊ नका, काठावर या माश्या टपलेल्या असतात. सकाळी न्या. दूर्वा-फुलं आणायलाही सकाळच बरी. मुलांची नखं कापलेली असू देत, खाजवूनच चावा चिघळतो. आणि चावल्यानंतर थोड्याच वेळात ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वासाला धाप लागली, चक्कर आली किंवा मूल मलूल पडलं, तर घरगुती काहीही न करता 108 ला फोन करायचा. असं क्वचितच होतं. पण चतुर्थीच्या दिवसांत जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर कधी असतात, आणि वाडीत गाडी कुणाची मिळेल, हे आधीच विचारून ठेवा.